कंट्रोल+डब्ल्यू मारला आणि टॅबच गेला! दाबलेली की मधल्यामध्ये कोण खातं?

पोफळीचं_बन (फोंडा) | शुक्रवार, रात्री ११:१०

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या, मग वाचा.

म्हापशाच्या एका घाऊक किराणा दुकानाचा सर्व्हर मी सांभाळतो. शुक्रवार म्हणजे बाजाराचा दिवस, त्यामुळे नवी दरयादी दुकान बंद झाल्यावरच चढवायची असं ठरलेलं. बाहेर पाऊस मरणाचा, लाईट दोनदा जाऊन आलेली, माझा लॅपटॉप दुरुस्तीला. शेवटी बायकोच्या लॅपटॉपवर ब्राउझर उघडला आणि क्लाउडवाल्यांचं वेबमधलं कन्सोल असतं ना, पानातच कमांडी टाईप करायची खिडकी, त्यातून शिरलो. दरयादीची स्क्रिप्ट शेवटी अँपरसँड लावून मागे सोडली, म्हणजे ती पडद्यामागे चालत राहते, आणि लॉग बघायला टेल ही कमांड टाईप करायला घेतली. पाथमध्ये एक अक्षर चुकलं. बोटांनी सवयीने कंट्रोल+डब्ल्यू दाबला, शेवटचा शब्द खोडायला.

शब्द जागच्या जागी. टॅब मात्र गेला.

धावतपळत परत शिरलो तर स्क्रिप्ट मेलेली. नारळाला नवा दर, खोबऱ्याला जुना. बॅकअपवरून सगळं परत बसवेपर्यंत जेवण गार झालं.

नोहप लावला नाही, टीमक्स लावला नाही (खिडकी गेली तरी काम चालू ठेवणारी साधनं ती), ही चूक माझीच. त्यावर प्रवचन नको, घरी ऐकून झालंय. माझा प्रश्न वेगळा आहे. ही एकच की नाही हो! हापिसात विंडोज टर्मिनलमधून विम हा एडिटर उघडतो, उभा ब्लॉक निवडायला कंट्रोल+व्ही दाबतो, तर क्लिपबोर्डवर असेल ते फाईलमध्ये येऊन पडतं. घरच्या उबुंटूवर मिडनाइट कमांडर या फाईली हाताळायच्या प्रोग्राममधून बाहेर पडायला एफ१० दाबतो, तर टर्मिनलचाच मेनू उघडतो. मी एकाशी बोलतोय आणि उत्तर दुसराच देतोय. याला काही नियम आहे, की बळी तो कान पिळी?

---

रात्रपाळी (वेर्णा) | शुक्रवार, रात्री ११:३२

बळी नाही, जो आधी बसलाय तो.

पंचायतीत फाईल कशी जाते, तसंच आहे हे. पहिल्या टेबलावरच्याला वाटलं हे आपलं काम, की तो कागद ठेवून घेतो. पुढच्या टेबलाला असा कागद आला होता हेही कळत नाही. की दाबली की आधी डेस्कटॉप बघतो, मग ब्राउझर किंवा टर्मिनल, मग टीमक्स असेल तर तो, मग कर्नेलमधला, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यातला, टर्मिनल सांभाळणारा टीटीवाय, आणि सगळ्यांनी सोडली तर तुझा बॅश (कमांडी ऐकणारा शेल) नाहीतर विम. तुझा कंट्रोल+डब्ल्यू दुसऱ्याच टेबलावर अडकला.

त्यातही क्रोममध्ये कंट्रोलबरोबर डब्ल्यू, टी आणि एन या की साध्या टॅबमध्ये पानाला मिळतच नाहीत. कन्सोल लिहिणाऱ्याने कितीही डोकं लढवलं तरी नाही. आणि ते बरोबरच आहे, नाहीतर एखादं फालतू पान स्वतःला बंदच करू देणार नाही.

वेब कन्सोलमध्ये शब्द खोडायचा तर एस्केप दाबून सोड, मग बॅकस्पेस. बॅशमध्ये हेही मागचा शब्द खोडतं, फक्त तिरक्या रेषेपाशी थांबतं. कंट्रोल+डब्ल्यू थेट मोकळ्या जागेपर्यंत सगळं साफ करतो. म्हणजे लांब पाथमध्ये शेवटचा तुकडाच चुकला असेल तर हे उलट जास्त सोयीचं.

---

जुनापुराणा (पणजी) | शनिवार, सकाळी ६:४५

पोफळीचं_बन, जेवण गार झालं एवढ्यावर भागलं, नशीब समज.

टेबलांची उपमा झकास आहे. पण मुळात एवढी भांडणं का, ते कोणी सांगितलं नाही. कारण दाबायच्या की कमी आणि मागणारे फार. आणि की कमी का, तर टर्मिनल म्हणजे अजूनही मनाने टेलिटाईप आहे, तारेवरून अक्षरं पाठवणारं जुनं टाईपयंत्र. आस्कीत, म्हणजे अक्षरांना आकडे देणाऱ्या तक्त्यात, मोठ्या डब्ल्यूचा क्रमांक ८७. कंट्रोल दाबला की त्यातून ६४ वजा, उरले २३. छोटा डब्ल्यू ११९, त्याचे वरचे बिट पुसले की पुन्हा २३. म्हणजे कंट्रोल+डब्ल्यू आणि कंट्रोल+शिफ्ट+डब्ल्यू, तारेवरून जातं ते एकच. पलीकडच्या प्रोग्रामला फरक कळणार कुठून?

याच हिशेबाने आय म्हणजे ७३, वजा ६४, ९, म्हणजेच टॅब. एम म्हणजे १३, म्हणजेच एंटर. डावा चौकोनी कंस म्हणजे २७, एस्केप. विममध्ये कोणी कंट्रोल+आयला वेगळं काम लावून बघा, टॅबही तेच काम करायला लागेल. मुलं मग 'बग आहे, बग आहे' म्हणून ओरडतात.

त्यामुळे टर्मिनल बनवणाऱ्यांना कॉपीपेस्टसाठी कंट्रोल+शिफ्ट+सी आणि व्ही घ्यावं लागलं. कंट्रोल+सी तर ३ हा आकडा, चालू काम थांबवायचा. शिफ्ट लावलेली जोडी आत कोणालाच वेगळी ओळखता येत नव्हती, म्हणून ती घेतली तर कोणाचं पोट दुखणार नव्हतं. मॅकवाल्यांचं भाग्य थोर, त्यांच्याकडे कमांड ही वेगळीच की. कॉपी तिकडे, थांबवणं इकडे. (ऑप्शन कीची रड मात्र त्यांना आहेच. मेटा, म्हणजे ऑल्टसारखी, म्हणून वापरायची तर सेटिंगमध्ये जाऊन सांगावं लागतं, नाहीतर भलतीसलती चिन्हं उमटतात.)

एक जुनी गोष्ट. नव्वदीच्या दशकात इथल्याच एका कचेरीत झेनिक्सचं (युनिक्सचाच एक प्रकार) मशीन होतं, सिरियल तारेवर टर्मिनलं लावलेली. एक दिवस एका बाईंचा पडदा गोठला. काही टाईप करा, हालचाल नाही. साहेब म्हणाले मशीन हँग, बंद करा. केलं! बाकीच्या टर्मिनलांवरची कामं गेली. नंतर कळलं, बाईंचं बोट कंट्रोल+एसवर पडलं होतं. १९ नंबर, म्हणजे 'थांब, पाठवू नकोस'. कंट्रोल+क्यू, १७ नंबर, दाबला असता तर सुटलं असतं. टेलिटाईपला दम खायला वेळ मिळावा म्हणून केलेली सोय ती. तुमच्या आजच्या टर्मिनलांतही तशीच आहे.

---

विमवाली (पर्वरी) | शनिवार, सकाळी ९:०५

काका, ती बाई मी आहे. म्हणजे ती नाही, पण गेल्याच वर्षी मी तीच. एडिटरमध्ये सेव्ह करायची सवय म्हणून कंट्रोल+एस दाबला, पडदा गोठला, आणि मी विंडो मारून टाकली. न सेव्ह झालेल्या फाईलसकट.

आता माझ्या बॅशआरसीमध्ये (बॅश सुरू होताना वाचतो ती फाईल) 'एसटीटीवाय -आयएक्सऑन' ही ओळ आहे. (इथे रोमन चालत नाही म्हणून कमांड अशी लिहावी लागतेय, वाचणाऱ्यांनी उलटं लिप्यंतर करून घ्या.) तिचा दुसरा फायदा असा की बॅशमध्ये कंट्रोल+एस मोकळा होतो. कंट्रोल+आरने जुन्या कमांडी मागे शोधत जातो ना, शोधता शोधता पुढे निघून गेलात तर कंट्रोल+एसने परत फिरता येतं. मला हे कामाला लागल्यावर सहा वर्षांनी कळलं.

आता कंट्रोल+व्ही. विममध्ये ब्लॉक निवडायला कंट्रोल+क्यूही चालतो, याच भांडणासाठी ठेवलाय. तोही काही करत नसेल तर वरची ओळ घाला, मधला टीटीवाय खात असेल. पण मी म्हणेन विंडोज टर्मिनलच्या सेटिंगमध्ये जा, ॲक्शन्सच्या पानावर पेस्टपुढचा कंट्रोल+व्ही काढूनच टाका. पेस्टला कंट्रोल+शिफ्ट+व्ही आणि शिफ्ट+इन्सर्ट उरतातच.

माझा नियम: बदल नेहमी सगळ्यात बाहेरच्या टेबलावर करायचा, आतल्या नाही. विममध्ये नवी की शिकवलीत तर ती त्या एका मशीनवर. दुसऱ्या सर्व्हरवर गेलात की पुन्हा बोटं अडखळणार. लॅपटॉप एक, सर्व्हर पंधरा.

---

सत्तरीची_रानवाट (वाळपई) | शनिवार, सकाळी १०:२०

एफ१०चं उत्तर माझ्याकडे आहे. ग्नोम टर्मिनलच्या प्रेफरन्सेसमध्ये 'मेनू ॲक्सिलरेटर की, मूळची एफ१०' अशी एक चौकट असते, तिच्यातली खूण काढ. शेजारीच नेमॉनिक्सची चौकट आहे, तीही काढ, नाहीतर ऑल्ट+एफने बॅशमध्ये एक शब्द पुढे जायला जाशील आणि फाईल मेनू उघडेल.

सेटिंगला हात लावता येत नसेल तर एस्केप, मग शून्य. मिडनाइट कमांडर ते एफ१० म्हणून घेतो. एस्केप आणि १ ते ९ म्हणजे बाकीच्या एफ. एचटॉपमध्ये (चालू कामं दाखवणारा प्रोग्राम) तर साध्या क्यूने बाहेर पडता येतं, तिथे एफ१० कशाला हवा?

विमवाली, तुमचा नियम ज्यांचा लॅपटॉप स्वतःचा त्यांच्यासाठी. आमच्या हापिसच्या लॅपटॉपवर वॉलपेपर बदलायलाही परवानगी लागते.

---

विमवाली (पर्वरी) | शनिवार, सकाळी १०:४१

हे कबूल. पण मग तुमची तक्रार टर्मिनलशी नाही.

---

तांबडी_भाजी (डिचोली) | शनिवार, दुपारी १:१५

टीमक्सचं कोणी नाव घेऊन सोडून दिलं, म्हणून मी येतो.

स्क्रीन नावाचा प्रोग्राम हा टीमक्सचा जुना भिडू, १९८७चा, त्याची हाकेची की ('पुढची की माझ्यासाठी' असं सांगणारी) कंट्रोल+ए. पण बॅशमध्ये कंट्रोल+ए म्हणजे ओळीच्या सुरुवातीला जाणं, दिवसातून शंभरदा लागणारी गोष्ट. स्क्रीनच्या आत ती हवी तर कंट्रोल+ए दाबून मग नुसता ए. २००७मध्ये टीमक्स आला, त्याने कंट्रोल+बी घेतला, म्हणजे एक अक्षर मागे जायची की. ती बाण असताना कोण वापरतो? शहाणपणाची निवड. आणि लोक काय करतात, तर टीमक्समध्ये पुन्हा कंट्रोल+ए लावून घेतात आणि इथे येऊन रडतात.

टीमक्सच्या आतून एसएसएचने दुसऱ्या मशीनवर गेलात आणि तिकडेही टीमक्स असेल तर कंट्रोल+बी दोनदा, दुसरा आतल्याला पोचतो. तिसरा थर असेल तर आयुष्यात काहीतरी चुकलंय.

आणि विममध्ये एस्केप दाबल्यावर क्षणभर काहीच होत नाही, मग होतं, असं वाटत असेल तर तुम्हाला भास होत नाहीये. बाणाची कीसुद्धा २७नेच सुरू होते: एस्केप, चौकोनी कंस, ए. ऑल्ट+जे म्हणजेही एस्केप आणि पाठोपाठ जे. त्यामुळे एस्केप आला की 'हा एकटाच आलाय की मागून कोणी येतंय?' म्हणून वाट बघावी लागते. टीमक्स कितीतरी वर्षं ५०० मिलिसेकंद वाट बघायचा, ३.५पासून ते १०वर आणलंय. जुना टीमक्स असेल तर एस्केप-टाईम ही सेटिंग हाताने कमी करा. अगदी शून्य नको, लाईन हळू असली की बाण फुटतात आणि पडद्यावर कंस सांडतात.

मी स्वतः हाकेला कंट्रोल+स्पेस ठेवलाय. कोणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही.

---

शुद्धलेखनाची_वही (फोंडा) | शनिवार, दुपारी ३:५०

तांबडी_भाजी, तुम्ही मराठी टाईप करत नाही हे उघड आहे!

माझ्याकडे एफसिटिक्स ५ आहे, आणि इंग्रजीमराठी बदलायची त्याची मूळची की म्हणजे कंट्रोल+स्पेस. मी इमॅक्स या एडिटरमध्ये काम करायचे तेव्हा निवडीची सुरुवात करायला कंट्रोल+स्पेस दाबायचे, इमॅक्सला काही पोचायचंच नाही, पुढचं सगळं देवनागरीत. पहिल्याच टेबलावर घोटाळा. बदलायची की मी शेवटी दुसरीकडे हलवली.

मग विमवर आले. तिथे नवीनच तमाशा. मी दिवाळी अंकांची मुद्रितं तपासते, मजकूर साध्या फाईलीत, इनस्क्रिप्ट कीबोर्डवर. टाईप करून झालं, एस्केप, मग कोलन, डब्ल्यू, क्यू, म्हणजे सेव्ह करून बाहेर. पण कीबोर्ड अजून मराठीतच! शिफ्ट आणि अर्धविरामाच्या की वर छ आहे, डब्ल्यूवर ऐकार, क्यूवर औकार. विम बीप बीप करतो आणि ढिम्म. जे दाबलं तर र, के दाबलं तर क, कर्सर हलेल तर शपथ.

एकदा घाईत एस्केप नीट दाबलाच गेला नाही. लेखाच्या शेवटच्या ओळीत 'छैौ' असं उमटून राहिलं आणि मी तशीच फाईल पाठवली. संपादकांचा फोन: "हा शब्द कोकणी आहे का हो? आमच्याकडे कोणाला अर्थ लागेना, पण लेखक पेडण्याचे आहेत म्हणून ठेवलाय."

आता विममध्ये ऑटोकमांड घातली आहे. इन्सर्ट मोडमधून बाहेर पडताना 'एफसिटिक्स५-रिमोट -सी' चालते आणि कीबोर्ड आपोआप इंग्रजीवर येतो. फक्त विम स्वतःच्या मशीनवर हवा. एसएसएचच्या पलीकडच्या विमला इकडचा एफसिटिक्स दिसत नाही.

---

तांबडी_भाजी (डिचोली) | शनिवार, दुपारी ४:०२

'छैौ'! आजपासून सेव्ह करून निघताना मी हेच म्हणणार.

---

रात्रपाळी (वेर्णा) | शनिवार, संध्याकाळी ६:३०

सगळे आपापली औषधं देताहेत. पण की नेमकी कोणत्या टेबलावर अडली ते आधी बघायला नको का?

शेलमध्ये कंट्रोल+व्ही दाब आणि मग हवी ती की. ती जशी पोचली तशी उमटेल: कंट्रोल+डब्ल्यूच्या वेळी टोपी (^) आणि डब्ल्यू, बाणाच्या वेळी टोपी, कंस, कंस, ए. काहीच उमटलं नाही तर ती बाहेरच कोणीतरी खाल्ली, आत शोधत बसू नकोस. उमटली, पण प्रोग्राम ऐकत नाही, तर दोष आतला. अर्ध्या मिनिटाचं काम.

मेख अशी की विंडोज टर्मिनलमध्ये कंट्रोल+व्हीच खाल्ला जातो! तिथे 'शोकी -ए' चालव. दाबशील त्या कीचा आकडा छापतो, कंट्रोल+डीने बाहेर. 'कॅट -व्ही'ने काम होईल असं लोक सांगतात, पण तिथे कंट्रोल+डब्ल्यूसारख्या की टीटीवाय स्वतःच वापरून टाकतो, त्या दिसणार नाहीत. मी यात एकदा अख्खी दुपार घालवलीय.

व्हीएस कोडचं टर्मिनल हे वेगळं प्रकरण. तिथे कंट्रोल+के दाबला की बॅशला ओळीचा उरलेला भाग कापायला मिळत नाही, कारण एडिटर कंट्रोल+केनंतरच्या दुसऱ्या कीची वाट बघत बसतो. सेटिंगमध्ये टर्मिनलचं 'अलाऊ कॉर्ड्स' बंद केलं की सुटतं.

---

सत्तरीची_रानवाट (वाळपई) | शनिवार, रात्री ८:१०

काकांचा ६४ वजा करायचा हिशेब किती दिवस चालणार पण? साठ वर्षांपूर्वीच्या यंत्रासाठी आपण आजही टॅब आणि कंट्रोल+आय एकच मानायचं?

---

जुनापुराणा (पणजी) | शनिवार, रात्री ९:२५

नाही मानायचं तर रस्ता आहे. ई-पुस्तकांचं कॅलिबर करणारे कोविद गोयल, त्यांचंच किटी नावाचं टर्मिनल आहे. त्यांनी की पाठवायची नवी रीत काढली: अक्षराचा क्रमांक वेगळा, सोबतच्या कीचा वेगळा. कंट्रोल+आय जातं ते एस्केप, कंस, १०५, अर्धविराम, ५, यू असं. १०५ म्हणजे आय, ५ म्हणजे कंट्रोल. शिफ्टही असेल तर ६. टॅब आपला ९च. दोघांची वाटणी झाली, भांडण मिटलं.

फूट, वेझटर्म, ॲलाक्रिटी, घोस्टी या टर्मिनलांनी ही रीत घेतली. प्रोग्रामांपैकी निओविम, हेलिक्स, फिश ४ यांना ती कळते. पण दोन्ही टोकांना कळायला हवी, आणि मध्ये टीमक्स असेल तर त्याचं एक्स्टेंडेड-कीज चालू करावं लागतं. मधल्या एकालाही भाषा कळली नाही की पुन्हा २३, १३, ९.

आणि एक ध्यानात घ्या, याने पोफळीचं_बनचा टॅब वाचला नसता. टर्मिनलपर्यंत पोचलेली की कशी सांगायची, एवढ्यापुरतीच ही रीत. ब्राउझरने आधीच गिळली त्याला किटी काय करणार?

---

पोफळीचं_बन (फोंडा) | रविवार, सकाळी ११:४०

देव बरें करूं सगळ्यांचं. काल रात्री बसून केलं ते असं. सर्व्हरवर शिरताच टीमक्स सुरू होतो, त्यामुळे टॅब गेला काय, लाईट गेली काय, आतलं काम चालू राहतं. मुद्दाम चालू कामात कंट्रोल+डब्ल्यू मारून बघितलं. टॅब गेला, परत शिरलो, आकडे पुढे सरकतच होते. हापिसच्या विंडोज टर्मिनलमधला कंट्रोल+व्ही उद्या काढतो, एफ१०ची खूण काढली. विमवालींची ओळ घातली.

सत्तरीची_रानवाट म्हणतो तेही पटलं, बायकोच्या लॅपटॉपवर मी काही बदलू शकत नाही. परवानगी मागितली होती.

एकच राहिलं. आज सकाळी त्याच वेब कन्सोलमधून एक ओळ कॉपी करायची होती. काका म्हणाले होते कंट्रोल+शिफ्ट+सी. दाबलं. तर अर्ध्या पडद्यावर त्या पानाची आतडी उघडी पडली, रंगीत कोडसकट. बायको मागून बघत होती, ती म्हणाली, "काय फोडलंस आता?"

---

रात्रपाळी (वेर्णा) | रविवार, दुपारी १२:०५

इन्स्पेक्टर तो. क्रोम आणि फायरफॉक्स, दोघांत तीच की. कंट्रोल+इन्सर्टने कॉपी करून बघ. लॅपटॉपवर इन्सर्ट आहे ना?

---

पोफळीचं_बन (फोंडा) | रविवार, दुपारी १२:११

आहे. प्रिंट स्क्रीनच्या पोटात, एफएन दाबून. आता कंट्रोल, एफएन आणि ती, तिन्ही एकदम दाबतोय, आणि मोबाईलवर हे लिहितोय कारण स्क्रीनशॉटचा पडदा जाता जात नाहीये.